कुलकर्णी साहेबांचा राणीछाप रुपया

आमच्या कुलकर्णी साहेबांचे किस्से म्हणजे माझ्या गाडीची डिकी हाय. एक पाना काढाय जावं, तर मागनं चार वस्तू घरंगळत येत्यात!

मी पवार, मूळचा कराडकडचा. फौजेत ड्रायव्हर होतो. शेवटची पोस्टिंग चंदीगडला लागली, मग हितंच राहिलो. आकडे माझे पक्के, अक्षरं जरा दमानं. दर रविवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियात गिल साहेबाच्या वर्कशॉपात आमची बैठक असती. गिल साहेब लेथ मशीनवाले. कुलकर्णी साहेब पुण्याचे, सरकारी ऑडिटमधनं रिटायर. तिसरा मी, चहा प्यायला आणि काड्या घालायला.

तर ऐका.

* * *

गिल साहेबाच्या पोरीचं लग्न होतं. कुलकर्णी वहिनी पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. साहेब घरी एकटे. शगुनाचं पाकीट आणलं, त्यात पाचशेची नोट घातली. पाकिटावर रुपया चिकटवलेला असतोय, पण ह्या पाकिटावर न्हाई! आता नुसते पाचशे कसे द्यायचे? वर एक रुपया पाहिजेच.

साहेबांनी देवघराच्या खणात हात घातला. सुपाऱ्या, दक्षिणेची सुट्टी नाणी, सगळं तिथंच. चष्मा डोक्यावर. हाताला एक दणदणीत गोल लागलं. ते डिंकानं चिकटवलं आणि निघाले मिरवत.

चार दिवसांनी वहिनींचा फोन. "अहो, डबीचं झाकण निघत नव्हतं म्हणून आईचा राणीछाप रुपया खणात ठेवलाय. जरा जपा."

साहेब खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, तरी बसले!

तो रुपया वहिनींना त्यांच्या आईनं लग्नात ओटीत घातलेला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात ताम्हनात त्याला आंघोळ. तोवर नवरी कॅनडाला गेली होती. गिल साहेबानं फोन लावला तर ती म्हणाली, "पापाजी, सारे सिक्के तो मैं गुरुद्वारे की गोलक में डाल आई थी."

झालं. गोलक म्हणजे दानपेटी. त्यातलं परत कोन मागणार? दिवाळीला वहिनी परत येणार. साहेब म्हणाले, "पवार, ताम्हनात रुपया दिसला नाही तर ती मला काही बोलणार नाही हो. नुसती बघेल. ते मला सहन होणार नाही."

* * *

मग साहेब ऑनलाइन शिरले. कुणीतरी सांगितलं, सुटं नाणं घेऊ नका, फसाल. ग्रेडिंगवालं घ्या. म्हणजे काय, तर एक कंपनी नाणं तपासती, सत्तरपैकी मार्क देती, प्लास्टिकच्या डबीत सील करती आणि वर नंबर छापती.

मी म्हणलं, "म्हणजे नाण्याची दहावी!"

पहिली डबी आली. उघडली, तर आत राणी न्हाई, राजा! दाढीवाला, टकल्या. साहेबांनी दुकानदाराला फोनवर झापला. तो शांतपणे म्हणतोय, "सरजी, नीचे लिखा था. फोटो सिर्फ नमूने के लिए है. वापसी नहीं होगी."

बघितलं तर खरंच लिहिलेलं. सहा ओळी होत्या, ही पाचवी.

माणसानं पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या फायलीतला स्वल्पविराम पकडला, आणि स्वतःच्या खरेदीला सहा ओळी वाचल्या न्हाईत! गिल साहेब चहा ढवळत म्हणाला, "कुलकर्णी जी, आप का ऑडिट कौन करेगा?"

* * *

दुसरी डबी आली. आता साहेब शहाणे झालेले. डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, नाणं निघालं. राणी बरोबर, साल बरोबर, मार्क बरोबर. साहेबांनी बर्फी मागवली.

मी म्हणलं, "साहेब, सेकंडहँड गाडी घेताना मी चासी नंबर कागदाशी जुळवायचो. पण मग गाडीबी बघायचो. कागद चांगल्या गाडीचा आणि खाली दुसरंच खटारं, असं लई असतंय."

"म्हणजे?"

"साइटवर फोटो हाय न्हवं? तो आणि हे, शेजारी धरा."

धरले. फोटोतल्या राणीच्या गालावर काळा डाग. साहेबांच्या राणीचा गाल स्वच्छ!

साहेब चिडले. "पुसला गेला असेल!"

"साहेब, सीलबंद डबीत फडकं घेऊन कोन शिरलं?"

बर्फी मी आणि गिल साहेबानं खाल्ली.

* * *

आता ती डबी परत करायची, तर कस्टमर केअरनं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. साहेब ऐटीत म्हणाले, "काढलाय! ह्या खेपेला पहिल्या टेपापासून काढलाय!"

पाठवला. थोड्या वेळानं बाईंचा फोन. "सर, पार्सल नहीं दिख रहा."

"अरे मॅडम, ठीक से देखिए, चार मिनट का व्हिडिओ है!"

"जी सर, पूरा देखा. चारों मिनट आप ही दिख रहे हैं."

कॅमेरा उलटा! चार मिनिटं साहेबांचं तोंड. कधी कात्रीला घाबरतंय, कधी हसतंय, शेवटी देवाला नमस्कार करतंय.

पण दोन फोटोंतला फरक आंधळ्यालाबी दिसला असता, आणि परतीचे सात दिवस संपाय एक दिवस होता, म्हणून डबी परत गेली. तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाइलमधी हाय. मूड खराब असला की बघतो.

* * *

त्यानंतर साहेब एक्स्पर्टच झाले! आम्हाला लेक्चर. "घेणाऱ्याची जबाबदारी असते, पवार. ओळी वाचा, नंबर तपासा, फोटो जुळवा, विकणारा कोण ते बघा. मग दुसऱ्याला दोष द्या."

मला राहवेना. गिल साहेबाच्या पोरीच्या लग्नातली बाटल्यांची बुचं वर्कशॉपात पडलेली. एक बूच तिथल्या कारागिराकडनं ठोकून सपाट केलं, प्लास्टिकच्या डबीत चिकटवलं, वर गिल साहेबाच्या कॉम्प्युटरवरनं चिठ्ठी छापली, 'सत्तर'. खाली लांबलचक नंबर. तो माझ्या जुन्या ट्रकचा!

रविवारी साहेबांच्या हातात दिलं. "बघा बरं, एका ओळखीच्यानं दिलंय."

साहेबांनी चष्मा लावला, भिंग काढलं, चिठ्ठी वाचली. "सत्तर! पवार, सत्तरपैकी सत्तर! असं नाणं मी आयुष्यात पाहिलं नाही!"

मी म्हणलं, "पाहिलं तर अजूनबी न्हाई साहेब. जरा चिठ्ठीच्या खाली बघा."

दोन रविवार साहेब आले न्हाईत.

* * *

तिसऱ्या रविवारी आले ते डबी घेऊनच. ह्या वेळी सगळं जुळलं. राणी, साल, नंबर, फोटो, सगळं. राणीच्या केसातली एक बारकी रेघसुद्धा! मार्क चौसष्ट. विकणाऱ्याला साहेबांनी आधी अकरा प्रश्न विचारलेले. त्यानं वैतागून नाणं आणखी दहा बाजूंनी दाखवलं होतं.

गिल साहेब म्हणाला, "अब तोड़ो."

"तोड़ो? अहो, डबी तोडली की ग्रेड गेली! परत पण करता येणार नाही!"

मी म्हणलं, "मग वहिनी काय लक्ष्मीला प्लास्टिकातनं आंघोळ घालणार?"

साहेबांनी डोळे मिटले. गिल साहेबानं व्हाइसच्या जबड्यात डबी आवळून कड कापली. टक्क! चौसष्ट मार्क जमिनीवर.

पण रुपया असा चमकाय लागला की बस! वहिनींचा जुना, घासून घासून राणीचं नाक गेलेलं. दिवाळीच्या फोटोत दिसत होतं ते. मग आमचा तिघांचा कारखाना सुरू झाला. आठ दिवस माझ्या खिशात किल्ल्यांबरोबर. आठ दिवस गिल साहेबाच्या तेलकट चिंध्यांत. मग साहेबांकडं, रोज सकाळी हळद-कुंकू आणि संध्याकाळी चिंच.

ओरखडा न्हाई म्हणून ज्याला चौसष्ट मार्क, त्याला आम्ही तिघं म्हातारे फुकटात ओरखडे काढत बसलेलो! साहेब प्रत्येक ओरखड्याला 'आई गं' म्हणायचे.

* * *

लक्ष्मीपूजनाला वहिनींनी आम्हा दोघांनाबी बोलावलं. गिल साहेब पहिल्यांदाच आलेला, डोक्याला रुमाल बांधून, हात जोडून. साहेबांचा घाम दाराशीच दिसत होता.

वहिनींनी देवघराच्या खणातनं रुपया काढला. बघितला. साहेबांनी माझा दंड धरला. वहिनींनी अंगठ्यानं राणीचं नाक चाचपलं, आणि रुपया ताम्हनात सोडला.

खण्ण!

वहिनींच्या हातातली पळी थांबली. त्यांनी रुपया उचलला आणि परत सोडला.

खण्ण!

"अहो," वहिनी म्हणाल्या, "हा वाजला."

"चांदी आहे," साहेब म्हणाले, "वाजणारच. खोटं असतं ते वाजत नाही."

"आईचा कधी वाजला नव्हता."

साहेबांनी घंटा उचलली आणि आरती धरली. अजून अभिषेक व्हायचा होता, नैवेद्य व्हायचा होता, तरी धरली. लई जोरात!

गिल साहेब माझ्या कानाशी वाकला. "पवार, भाभीजी क्या बोलीं?"

मी म्हणलं, "आरती हो रही है. ताली बजाओ."