दिलीपचं फुकटातलं टूल

पत्रकाराकडचे निम्मे किस्से छापता येत नाहीत. ते साठत जातात आणि कधीतरी चहाच्या टपरीवर बाहेर पडतात. आमच्या भंडाऱ्याच्या छोट्या पेपरातल्या एकट्या कॉम्प्युटरनंच मला असे कितीतरी दिले.

दिलीप आमचा पानं लावणारा ऑपरेटर. मालकांनी सॉफ्टवेअर विकत घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं ते ‘ॲक्टिव्हेट’ करणारं फुकटातलं टूल इंटरनेटवरून उतरवलं. पहिलीच सूचना होती, अँटिव्हायरस बंद करा.

"काहून?" मी विचारलं.

"त्याले झोपवा लागते भाऊ. जागा राहिला तं टूलले आत येऊच देत नाही."

"म्हणजे त्यानं बरोबर ओळखलं न!"

दिलीप हसला आणि बटण दाबलं.

*

त्याच आठवड्यात वैनगंगेतल्या रेतीचोरीची माझी बातमी लागली. मालक खूश. "चोरांना सोडू नका," म्हणाले.

"साहेब, ही बातमी लागली तेही चोरीच्याच सॉफ्टवेअरवर."

ते शांतपणे म्हणाले, "रेती आपल्या नदीची आहे. सॉफ्टवेअर कुठं आपल्या नदीचं आहे?"

मी भांडलो. सॉफ्टवेअर कंपनीच्या नुकसानीसाठी नाही; त्या टूलमधून व्हायरस आला तर फोटो जातील म्हणून. पुरात जुने अंक गेल्यापासून गावोगावचे आमचे सगळे फोटो त्या एकाच मशीनमध्ये होते. बॅकअपची डिस्क होती, पण दिलीपनं तीही मशीनलाच कायमची जोडून ठेवलेली.

*

एका सकाळी एकही फोटो उघडेना. डिस्कवरचाही नाही. पडद्यावर इंग्रजीत मजकूर: फाइलींना कुलूप लावलं आहे, पैसे भरा.

मी दिलीपला काय बोललो, ते छापण्यासारखं नाही. तो खाली मान घालून टाइप करत होता.

"आता काय करून राहिला?"

"हे कुलूप उघडाचं फुकटातलं टूल भेटते काय, पाहून राहिलो."

*

काही दिवसांनी अड्याळहून सुनंदाताई आल्या. त्यांचे वडील रतिरामजी नुकतेच वारले होते. गावचा तलाव फुटला तेव्हा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं करून मी त्यांचा फोटो काढला होता, बातमीसाठी. घरात दुसरा फोटो नव्हता.

"बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात फोटो लावाचा हाय," ताई म्हणाल्या.

दिलीपनं फोल्डर उघडलं. मी दिलेलं नाव तसंच होतं: अड्याळ तलाव, रतिराम. त्यानं क्लिक केलं. पुन्हा केलं.

ताई वाकून पाहत होत्या. "बाबाचं नाव तं दिसून राहिलं. मंग चेहरा काहून नाही दिसत?"

दिलीपनं तिसऱ्यांदा क्लिक केलं.

ताईंनी पिशवीतून काचेची रिकामी फ्रेम काढून टेबलावर ठेवली.

"मंग नावच मोठ्या अक्षरात काढून द्या भाऊ. फ्रेम मी घेऊनच आली."