आईची मुलाखत

सावनेरच्या बसस्टँडवर आई माझ्या खिडकीखाली उभी होती. बस सुरू झाली तेव्हा एवढंच म्हणाली, "पोचली का फोन कर वं. तवर मी घर झाडत नाही." घरचं माणूस प्रवासात असताना झाडू लावायचा नाही, हा तिचा नियम. नागपूर तसं तासाभरावर. पण धरमपेठेतल्या होस्टेलवर पोहोचून मी पलंगावर नुसती बसून राहिले. आवाज रडका निघेल या भीतीने फोनच केला नाही. दिवेलागणीला तिचाच आला. घरात सकाळचा कचरा तसाच, आणि मागून शेजारच्या काकू ओरडत होत्या, "पोरगी अमेरिकेले गेली का वं तुही?"

एमएला समाजशास्त्र घेतलं. स्थलांतराचा पेपर मीच निवडला होता. पुस्तकात स्थलांतर फार शांत वाटलं होतं. वर्गात मात्र मराठी, हिंदी, इंग्रजी एकदम चालायचं आणि कॉन्व्हेंटमधलं माझं नीटनेटकं इंग्रजी मनातच राहायचं. मेसमध्ये आणखी एक पोळी मागायची भीती वाटायची. हजेरीला "येस मॅम" म्हणायचीसुद्धा. शेवटी बाबांना सांगितलं, मला घेऊन जा. ते म्हणाले, "रविवारी येतो. बॅग भरून ठेव."

त्याआधी एक काम उरलं होतं. घर सोडून आलेल्या एका व्यक्तीची मुलाखत घेऊन सोमवारी वर्गात वाचायची होती. सोमवारी मी इथे नसणारच होते, तरी मुलाखत अर्धवट टाकवेना. अनोळखी माणसाशी बोलायची हिंमत नव्हती. लग्न होऊन सासरी जाणं हेही स्थलांतरच, असं मॅडमनी शिकवलं होतं. म्हणून आईला फोन लावला आणि विचारलं, "तू स्थलांतर का केलंस?"

"मी कुठं स्थलांतर केलं वं? माहं तं लगन झालं!" ती खूप हसली. "तुह्या बाबाले विचार, त्यायनंच आणलं मले."

मग हळूहळू बोलू लागली. मौद्याजवळच्या गावाहून ती सावनेरला आली, तेव्हा मिठाचा डबा कुठे आहे हे सासूला विचारायचीही भीती वाटली. वरण अळणीच वाढलं. सगळे गुपचूप जेवले.

"मग भीती कधी गेली?"

"गेली कुठं? कमी झाली. तुले बसमधी बसवलं त्या दिवशी पुन्हा आली."

"तू परत का नाही गेलीस?"

"मले घ्याले कोण येऊन राहिलं होतं, बाई?"

तक्रार नव्हती आवाजात. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं.

रविवारी बाबा आले. बॅग उचलली, ती हलकीच लागली, तसे थांबले. "ही तं खालीच आहे."

"उद्या मुलाखत वाचायची आहे."

"मग पुढच्या रविवारी येऊ?"

"या. भेटायला."

सोमवारी मी वर्गात मुलाखत वाचली. "माहं तं लगन झालं" ला सगळा वर्ग हसला. आधी मी घाबरले. मग कळलं, त्यांना आई आवडली होती.

आई 'घरी' म्हणते तेव्हा कधी सावनेर असतं, कधी मौद्याकडचं तिचं गाव. तिला त्यात अडचण वाटत नाही. मला अजून वाटते. भीतीही आहेच. पण परवा ऑटोवाल्याने "कहाँ जाना है?" विचारलं, तेव्हा तोंडातून "घर" निघून गेलं. मग मीच दचकले, आणि घाईघाईने सांगितलं, "धरमपेठ."