गिळलेली चूळ

वुंडान्यी शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या गावात, पाटाचा मुख्य म्हणजे म्वादिमे. झऱ्यापासून निघालेला हा पाट कड्याला धरून वळत वळत येतो आणि तालींवरच्या घेवड्याला, मक्याला, कोबीला पाणी पाजत खाली संपतो. पाणी थोडं आणि तोंडं फार. कोणाची पाळी कधी, कोणी बांध फोडला, कोणाच्या सुनेने कोणाच्या वाटेत दगड सारला, सगळ्याचा निवाडा म्वादिमेकडे.

त्याने स्वतःला काही नियम घालून घेतले होते. मुख्याने पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. ज्या घरचं भांडण सोडवायचं, त्या घरचा किमांगा कितीही वाफाळता असला तरी एक घास खायचा नाही. आणि जे पाठीमागे बोलायचं, तेच तोंडावर बोलायचं. माणूस आतबाहेर एक असला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं, आणि तेवढं त्याने पाळलं. लोक त्याला फार मान देत. मान द्यायला खर्च येत नाही.

"जगाचा घेवडा बघा आणि आपला बघा," बायको वावुदा म्हणायची. "मुख्याची बायको म्हणून मिरवते मी, वाळलेल्या शेंगा सोलत."

तो हसायचा. अलीकडे हसणंही जड झालं होतं. गुडघे दुखायचे, कड्यावरची चढण अंगावर यायची. दुसरा कोणी बघा, असं त्याने कितीदा तरी सांगितलं. "तुमच्यासारखं कोणाला जमणार, बाबा?" असं म्हणून जो तो कुदळ खांद्यावर टाकून निघून जायचा. ही स्तुती नव्हती, काढता पाय होता.

गेल्या सुगीत त्याची आई गेली. बरेच दिवस खाटेला खिळलेली होती. त्या दिवशी दुपारी किलाम्बो आणि न्यांबू हे दोघे शेजारी पाळीवरून एकमेकांवर कुदळी उगारून उभे होते, म्हणून खालून हाक आली. "येतोच," असं आईला सांगून तो उतरला. भांडण मिटवलं, दोघांना हात मिळवायला लावले. परत आला तेव्हा बायकांनी तिचं तोंड झाकलं होतं.

धाकटा भाऊ रिघा मोंबासाला बंदरात कामाला होता. तो पुरायच्या दिवशी पोहोचला, आणि माती पडायच्या आधीच सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तू साऱ्या गावाचा बाप झालास. तिचा मुलगा व्हायला मात्र तुला सवड झाली नाही."

म्वादिमेने मूठभर माती उचलून खड्ड्यात टाकली. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले. पुढे रिघा नोकरी सोडून आईच्याच घरात राहायला आला, दोन ताली सोडून. दोघं एकाच पाटाचं पाणी घेत आणि एकमेकांकडे बघत नसत.

पावसाआधी पाटाचा गाळ काढायचा, आणि त्याआधी कुतासा करायचा. मुख्याने सगळ्यांदेखत उसाच्या रसाची चूळ भरायची, मनात कोणावर राग असेल तो तिच्यात गोळा करायचा, आणि चूळ जमिनीवर फुर्रकन उडवून म्हणायचं, गेला, आता शांत असू दे. पोटात राग ठेवून मुख्याने पाट उघडला तर बांध फुटतात, बी कुजतं. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारेसुद्धा त्या सकाळी वेळेवर हजर असतात.

निघताना त्याने वावुदाला म्हटलं, "या खेपेला दुसऱ्या कोणाला करू दे."

"कोणाला? नाव सांगा." तो कुदळ शोधायला लागला. मग तिने हळूच विचारलं, "पोटात राग आहे का तुमच्या?"

"दमलोय गं."

"मी ते नाही विचारलं."

झऱ्यापाशी सगळा गाव कुदळी घेऊन उभा होता. म्वादिमेने वाडगा तोंडाला लावला, चूळ भरली. मान वर केली तर मागच्या रांगेत रिघा, कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून थेट त्याच्याकडेच बघणारा. आणि म्वादिमेचा कंठ हलला. रस घशाखाली गेला.

"गिळलीस," सारू आजी म्हणाली. गावातली सगळ्यात म्हातारी ती, कुतासा नीट झाला की नाही हे तीच सांगायची.

मग किलाम्बोने सावरून घेतलं. "उन्हाने घसा सुकला असेल बाबांचा. पुन्हा भरा, बाबा. झालं."

"हो हो, पुन्हा भरा," चारी बाजूंनी सुरू झालं. सगळ्यांना कामाला लागायचं होतं. कोणी वाडगा भरूनही दिला. आता एक चूळ उडवायची की सुटलो. पाट उघडेल, लोक खूश होतील, पोटातलं पोटात राहील, आणि ते तिथे आहे हे त्याच्याशिवाय कोणाला कळणार नाही. त्याला क्षणभर खरोखर तसं करावंसं वाटलं. तो फार दमला होता. पण मग आजवर जे पाळलं, ते लोकांना दाखवायलाच पाळलं असं झालं असतं.

त्याने वाडगा खडकावर ठेवला आणि शेजारी बसला. "घसा सुकला नव्हता," तो म्हणाला. "राग आहे."

"कोणावर?" सारू आजीने विचारलं. नाव घ्यावंच लागतं.

माना मागे वळल्या, रिघाकडे. म्वादिमेही त्याचंच नाव घ्यायला निघाला होता. इतके महिने तेच नाव तर तो चावत होता. पण तोंड उघडल्यावर ते आलं नाही.

"म्वादिमेवर," तो म्हणाला.

"स्वतःच्या नावाने कुतासा होत नाही, बाबा."

"कोण म्हणतं?"

म्हातारीने विचार केला. "कोणी म्हणत नाही. आजवर कोणी केला नाही, एवढंच."

"मग ऐका. त्या दिवशी किलाम्बो-न्यांबू भांडले नसते, तर मी दुसरं भांडण शोधून काढलं असतं. तिच्या खाटेपाशी माझ्याने बसवत नव्हतं. तिचा श्वास ऐकला की भीती वाटायची. इथे पाटावर मला सगळं कळतं, तिथे काही कळत नव्हतं. हाक आली आणि मला सुटल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, कर्तव्याला जागला. मीही तसंच म्हणत राहिलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आतबाहेर एक म्हणे."

मागची रांग हलली. रिघा वाट काढत पुढे आला आणि भावासमोर उभा राहिला. मारतो की काय, असं न्यांबूला वाटलं असावं, कारण तो एक पाऊल पुढे झाला.

"एकट्याचं नाव घेऊ नकोस, दादा," रिघा म्हणाला. "मला निरोप वेळेत मिळाला होता. मी मटाटूच्या थांब्यावर बसून राहिलो. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. दोन्हींत जागा होती."

म्वादिमेने खडकावर जरा सरकून भावाला जागा करून दिली आणि वाडगा आधी त्याच्या हातात दिला. रिघाने चूळ भरली खरी, पण हुंदका आला आणि अर्धा रस सदऱ्यावर सांडला. सारू आजीने चालेल म्हणून मान हलवली, आणि म्वादिमेनेही आपली चूळ जमिनीवर उडवली. लोक कोणी सांगायची वाट न बघता गाळात उतरले. दोघं भाऊ तिथेच बसून आईसाठी रडले, जे दोघांपैकी कोणीच अजून केलं नव्हतं.