नव्या खोलीतलं जाजम

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शाळेत इतिहास शिकवता शिकवता मला नाटकी बोलायची खोड लागली होती. टेबलावर मूठ आपटली की समोरच्या पगड्या दचकतात, हे बघायला मला फार आवडे. म्हणून ठाकूरद्वाराजवळच्या आमच्या वाचनालयात अमेरिकेवर तीन व्याख्यानं द्यायचं मी आनंदाने कबूल केलं.

पहिल्या रविवारी नकाशा टांगला. त्या देशाने फ्रान्सकडून अफाट मुलूख विकत घेतला आणि मुलखाबरोबर एक भांडणही वाढलं. नव्या जमिनीवर गुलाम राबवायचे की नाही? शेवटी पुढाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली. रेघेच्या वर गुलामी बंद, खाली खुशाल चालू. "माणुसकीची अशी वाटणी?" मी गरजलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका नामांकित वकिलांनी, उपरण्याने डोळे टिपले.

दाराबाहेर, ओटीवर, एक महार हवालदार उभ्याने ऐकत होते. पलटणीच्या शाळेत शिकलेले, आता पेन्शनीत. दर रविवारी भोईवाड्यातून चालत येत आणि खिडकीच्या गजांतून वर्तमानपत्र वाचत. आतला माणूस पान उलटेल तेवढंच. आत पाऊल टाकायची त्यांना बंदी होती.

त्याच आठवड्यात वाचनालयाने शेजारची खोली घेऊन मधली भिंत पाडली. हवालदारांनी लगेच अर्ज दिला. जुन्या खोलीत तुमची रूढी आहे, ती असू द्या. नव्या खोलीत अजून कसलीच रूढी नाही, तिथे मला बसू द्यावे.

मी चाटच पडलो! अमेरिकेतल्या नव्या मुलखाबद्दल गुलामीचे विरोधक हेच म्हणत होते. मी ते पुढच्या रविवारी सांगणार होतो, हवालदारांनी आधीच लिहून काढलं.

कमिटी बसली.

"मास्तर, तुम्ही अमेरिका सांगा, गिरगाव सांगू नका," अध्यक्ष म्हणाले.

"मग परवा रडलात कशाला?"

"ते लांबचं होतं हो!"

"आपण मतं घेऊ," चिटणीस म्हणाले.

"हवालदारांचं मत कोण घेणार?"

"तो कुठे सभासद आहे?"

अमेरिकेतही पुढे असंच ठरलं होतं. नव्या मुलखात वस्तीला आलेल्यांनी मतं देऊन ठरवायचं. ज्याच्या पायात बेडी, त्याला मत नव्हतं.

अर्ज कसाबसा मंजूर झाला, तर जाजम आडवं आलं. दोन्ही खोल्यांत मिळून एकच जाजम. त्याच्या एका टोकाला विटाळ झाला की दुसऱ्या टोकाला झालाच. मध्ये घोंगडी टाका, लोकरीला विटाळ नसतो, असं एकाने सुचवलं. मग घोंगडी उभी टाकायची की आडवी, यावर पदवीधर माणसं तावातावाने भांडली. शेवटी जाजम कापायचं आणि मध्ये हातभर भुई उघडी सोडायची असं ठरलं. चिटणिसांनी कात्री चालवली. दुसरं टोक मी धरलं होतं. माणूस निदान आत तरी येईल, अशी मी मनाची समजूत घातली. त्या समजुतीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

रविवारी हवालदार कोटावर पदकं लावून आले. बूट ओटीवर काढले. दारातूनच त्यांनी ती उघडी पट्टी पाहिली.

"मास्तरसायेब, तिकडं रेघ मारली, मंग भांडान मिटलं का?"

"नाही. चिघळलं."

"आन् हितं मिटंल, आसं कोनाला वाटलं?"

हवालदार आत आले आणि आपल्या तुकड्यावर न बसता मधल्या उघड्या भुईवर ताठ बसले.

"जाजम तुमचं तुमी ठेवा. भुई कोनी कापली न्हाई."

अध्यक्ष उठले. मागोमाग सगळी सभा उपरणी सावरत, धोतराचे सोगे उचलत बाहेर पडली. मेक्सिकोचा मुलूख अमेरिकेने कसा बळकावला, ते मी एकट्या हवालदारांना सांगितलं.

पुढच्या रविवारी वाचनालयालाच कुलूप होतं आणि दारावर कागद. जागेच्या अडचणीमुळे तिसरे व्याख्यान रद्द. आत दोन्ही खोल्या रिकाम्या!

हवालदारांनी कागद दोनदा वाचला.

"लढाई ऱ्हायली की सांगायची, मास्तरसायेब."

"चला."

आणि गुलामीवरून अमेरिकेत आपसांत पेटलेली ती लढाई मी भोईवाड्यापर्यंत चालत, वाटेतल्या प्रत्येक ओटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली.