सांजंला लागतो, सकाळी निघतो

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी ती बाटल्यांपासूनच आठवायला लागते. वाइनच्या हिरव्या, रिकाम्या, उलट्या रोवलेल्या बाटल्यांची रांग. उतरत्या उन्हात ती इतकी छान दिसत होती की कुणालाही जवळ जाऊन फोटो काढावासा वाटला असता. नोकरीत मी दंगली पाहिल्या, घाटात दरीतून वर काढलेली प्रेतं पाहिली. पण पाय जागचे हलू नयेत इतकी भीती मला आयुष्यात एकदाच वाटली, ती त्या बाटल्यांसमोर.

तेव्हा मी मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे पावसाळा म्हणजे भुशीच्या धरणावरचा बंदोबस्त, खंडाळ्याला गाड्यांची कोंडी आणि बंगल्यांतल्या मारामाऱ्या. थंडी पडली की जरा श्वास घेता येई. त्या दिवसांत शनिवार-रविवारी सायकलवाले येत. पुण्या-मुंबईचे, नोकरीधंद्यात स्थिरावलेले, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेले लोक. ज्या सायकलीवर ते बसत तिच्या किमतीत आमच्या शिपायाची मोटरसायकल आली असती, आणि तरी घाट चढताना त्यांचे चेहरे असे व्हायचे की कुणीतरी बळजबरीने पाठवलंय असं वाटावं.

औंढे गावाच्या पुढे डोंगर ओलांडला की एका मुंबईकर मालकाचा द्राक्षमळा होता. मावळ हा भाताचा मुलूख, इथे द्राक्षं सडणार म्हणून गावाने त्याची यथेच्छ चेष्टा केली. त्याने मळ्यावर प्लॅस्टिक घातलं, वाइन काढली, समोर टेबलं मांडली, आणि सायकलवाल्यांना शेवटचा मुक्काम मिळाला. मालक महिन्यातून एखादा फेरा मारी. बाकी सगळं एक सुपरवायझर पाही. तो आणि त्याची बायको मळ्यातच दोन खोल्यांत राहत.

एका आठवड्यात सायकलवाल्यांच्या गटाची प्रमुख माझ्याकडे बंदोबस्ताचा अर्ज घेऊन आली. पुण्यातली डॉक्टर, चाळिशीची, लाल हेल्मेट काखेत.

"सर, शनिवारी संध्याकाळी राइड आहे. जुन्या हायवेच्या चौकात एक माणूस दिलात तर बरं होईल. सूर्यास्ताला सगळे मळ्यावर पोचतील."

"सगळे एकाच रस्त्याने?"

"रोडवाले पुढच्या गेटनं. आमची माउंटन बाइकवाली गँग मात्र मागच्या डोंगरावरून थेट मळ्यात उतरणार. मळ्यावाल्यांना सांगितलेलं नाही हं, सरप्राइज आहे."

"डॉक्टर असून हातपाय मोडून घ्यायची हौस?"

"म्हणून तर डॉक्टर सगळ्यात पुढे असते, सर," ती हसून म्हणाली. मी सही केली आणि विषय डोक्यातून गेला.

शनिवारी सकाळी ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला. ठाण्यात पहिला फोन घेणारा, पहिली तक्रार ऐकणारा माणूस तो. मावळातलाच जुना हवालदार, केस पिकलेला, कानाने तिखट.

"साहेब, मटक्याची खबर आहे. कुणी बाई होती. म्हणाली, द्राक्षाच्या मळ्यामागं आकडा लागतोय, मानूस मरंल येकादं."

"कोण लावतो?"

"विचारलं. तर म्हणे नाव घेता येत न्हाई. लय घाबरल्याली वाटली. मग फोनच बंद केला."

त्या महिन्यात वरून मटक्याच्या धाडींचा तगादा होता. ठाण्यात सकाळ-संध्याकाळ आकड्याशिवाय दुसरा विषय नव्हता. जुगारात संसार बुडाला की माणूस झाडाला दोर बांधतो, हेही आम्ही पाहिलेलं होतं. बाई घाबरली आहे, नाव सांगत नाही, कुणी मरेल म्हणते. सगळं जागच्या जागी बसलं. फार सहज बसलं, हे नंतर कळलं.

आमच्या बाजारपेठेत पानाच्या टपरीआड मटका घेणारा एक जण होता. ठाण्यात त्याचं येणं-जाणं इतकं की शिपाई त्याला बसायला स्टूल देत. दुपारी त्याला बोलावून घेतलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. ओरडणाऱ्या साहेबाची सवय होते, गप्प साहेबाची होत नाही.

चहा संपेपर्यंत त्याला घाम फुटला. "साहेब, आईशपथ, मळ्यात माझा मानूस न्हाई. तितं बसून आकडा लावनार कोन? डुकरं?"

"बाई खोटं सांगेल?"

"काय म्हनली ती, ते तर कळू द्या."

मी हवालदाराकडे पाहिलं. "जसं बोलली तसं सांगा. आपली भाषा नको."

हवालदाराने डोळे मिटले. "म्हनली, मळ्यामागं आकडा लागतोय. सांजंला लागतो, सकाळी निघतो. मानूस मरंल येकादं."

मटकेवाला खो-खो हसला. "उलटं झालं की भाऊ! आकडा आदी निघतो, मग लागतो. निघायच्या आदी लागाया त्यो काय विजेचा आकडा हाय?"

बोलून तो स्वतःच थांबला.

ज्यांनी खेडं पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. खांबावरच्या चालू तारेवर वायरचा वाकवलेला तुकडा अडकवतात आणि फुकट वीज खाली उतरवतात, तोही आकडाच. मळ्यात द्राक्षं पिकली होती. पिकलेल्या द्राक्षांच्या वासाला डोंगरातली डुकरं उतरतात. मीटरवरून कुंपणाच्या तारेत वीज सोडली तर फ्यूज उडतो. थेट खांबावरून सोडली तर उडतो तो जीव, डुकराचा असो की आणखी कुणाचा.

"साहेब," हवालदाराचा आवाज खाली गेला होता, "ती कुनाला घाबरून नाव टाळत नव्हती. नाव कसं घिऊ, म्हनली. माझी आई बी माझ्या बापाचं नाव असंच टाळायची. ती सुपरवायझरची बायको हाय."

मी खिडकीकडे पाहिलं. ऊन भिंतीवर चढलं होतं. मागच्या डोंगरावरून थेट मळ्यात उतरणार, लाल हेल्मेट सगळ्यात पुढे.

डॉक्टरीणबाईंचा फोन डोंगरात लागेना. मळ्यावरचा फोन वाजत राहिला, उचलला कुणी नाही. वीज तोडायला सांगण्यासाठी सबस्टेशनला फोन लावत हवालदाराला बसवलं आणि दोन शिपाई घेऊन मी जीपमध्ये बसलो. आकडा कोणत्या खांबावर आहे तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. रस्ताभर मी स्वतःला समजावत होतो की अजून उजेड आहे, आकडा अंधार पडल्यावर लावत असतील. पण बाई रात्री म्हणाली नव्हती, सांजंला म्हणाली होती. तिचा एक शब्द आम्ही एकदा बदलला होता, दुसरा बदलायची माझी छाती होईना. ड्रायव्हरने गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. हातातला रुमाल मी पिळून दोरीसारखा केला होता तेवढं आठवतं.

मळ्याच्या पुढच्या अंगणात जत्रा होती. गाणी लावलेली, रोडवाले पोचून हेल्मेट काढत होते. सुपरवायझर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ट्रेमध्ये ग्लास मांडत होता.

"आकडा कुठं आहे?"

"कसला आकडा, साहेब?"

"मागच्या डोंगरावरून माणसं उतरतायत. सायकलवर."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी त्याचा दंड धरून हलवला तरी तो नुसता माझ्या टोपीकडे बघत राहिला. घाबरलेला माणूस पळतो असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तो खांबासारखा उभा राहतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

शेजारच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यातला लांब बांबू तिने उचलला आणि मागच्या बाजूला धावत सुटली. मी तिच्या मागे धावलो.

मळा संपतो तिथे डोंगराचा उतार सुरू होतो. त्या कडेने खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीवर एक बाटली उलटी, आणि बाटलीला वेढा देऊन गुडघ्याखाली ताणलेली उघडी तार. काचेतून वीज जात नाही, म्हणून बाटल्या. तारेला लागून एक कुत्रं पडलं होतं, पाय ताठ. बाईने सकाळी फोन का केला ते मला त्या कुत्र्याने सांगितलं.

आणि वर उतारावर लाल हेल्मेट दिसलं. मागे आणखी पाच-सहा. धूळ उडवत, सुसाट.

मी दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबा! मागे फिरा!" डॉक्टरीणबाईंनी हँडलवरचा एक हात उचलून मला हात केला. साहेब स्वागताला आलेत असं त्यांना वाटलं. मी तारेकडे धावलो आणि तारेपाशीच थांबलो. पुढे जाऊन त्यांना अडवावं तर मधे तीच तार होती, आणि ती चालू आहे की बंद हे बघून कळत नाही. तार काहीच बोलत नाही. नुसतं बाटल्यांवरचं ऊन चमकत होतं. मी शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजेना, कारण ओठच थरथरत होते.

डावीकडे बाई खांबाखाली उभी होती. बांबू वर, मान वर, पदर कमरेला खोचलेला. एकदा हुकला. दुसऱ्यांदा हुकला. मग खांबावर ठिणगी उडाली.

"निघाला!" ती किंचाळली. "निघाला, सायेब, निघाला!"

ब्रेकचा चिरका आवाज झाला. सायकल आडवी घसरली आणि तिचं पुढचं चाक तारेवर आदळलं. एक बाटली फुटली. मी डोळे मिटले होते. पोलिसाने असं लिहू नये म्हणतात, पण मिटले होते.

"सॉरी हं सर," डॉक्टरीणबाई कपडे झटकत उठत होत्या, "तुमची एक बाटली फोडली. काय मस्त सजावट केलीय!"

मी खाली मातीत बसलो. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्या माझी नाडी बघायला लागल्या, आणि खरं काय ते मी सांगितल्यावर त्या माझा हात तसाच धरून माझ्या शेजारी बसल्या. नंतर बराच वेळ मागे आलेल्या प्रत्येकाला त्या नावाने हाक मारून मोजत राहिल्या.

पंचांसमक्ष पंचनामा केला, तार, बांबू, बाटल्या जप्त केल्या. एरवी दिवेलागणीला लागणारा आकडा त्या दिवशी ऊन असतानाच का लागला होता तेही कळलं. संध्याकाळी पाहुण्यांना ग्लास द्यायचे, मागे जायला सवड मिळणार नाही, म्हणून कामाच्या माणसाने काम आधीच उरकून ठेवलं होतं.

मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "गावातल्या पोरांचं काम असणार. माझा मळा त्यांना खुपतोच." सुपरवायझर ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. एक शब्द बोलायला तयार नाही. मालकाची नोकरी, मालकाची खोली. रोज आकडा कोण लावतो हे डोळ्यांनी पाहिलेली एकच व्यक्ती होती. ती बोलली नसती तर आम्हाला गावातली चार पोरं उचलून आणावी लागली असती.

हवालदार तिचा जबाब घ्यायला बसला. मी मुद्दाम बाजूला थांबलो.

"मावशी, आकडा कोन लावायचं?"

ती बाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात."

हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"हू दे थोडं कमी," ती म्हणाली. "ती बाई त्या तारंवर गेली असती, तर ह्यांना उरल्यालं आयुष्य तरी कशाला पायजे हुतं?" आणि तिने नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. पुढे हेही सांगितलं की डुकरांचा बंदोबस्त कर, कसा ते मला विचारू नको, असं मालक फोनवर म्हणाला होता आणि फोन तिच्यासमोर आला होता. बाकावरच्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. तो रडत होता.

पुढे मालक आणि सुपरवायझर दोघांवरही गुन्हा दाखल झाला. मी निवृत्त होईपर्यंत ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या शिपायाला सांगत असे: लोक बोलतात ते ऐका, तुम्हाला ऐकायचंय ते नको. बाईने आम्हाला सगळं सांगितलं होतं. जागा, वेळ, धोका, आणि नाव न घेता नावसुद्धा. तिचं बोलणं तिच्या बोलीत शिल्लक राहिलं म्हणून एक माणूस वाचला, आणि ते ठाण्याच्या भाषेत गेलं तेव्हा जवळजवळ गेलाच होता.

हा धडा मला डोंगरावर मिळाला, पण पक्का झाला तो त्या जबाबाच्या वेळी. हवालदाराने रीतीप्रमाणे जबाब वाचून दाखवला: "सदरचा आकडा माझा पती याने टाकला."

बाईने अंगठ्याला शाई लावून घेतली होती, ती थांबली.

"असं न्हाई म्हनले मी."

"मग? नाव घेतलंत की, मावशी."

"नाव घेतलं. पन 'याने' न्हाई म्हनले. 'ह्यांनी' लिवा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने खोडलं आणि तिच्या मनासारखं लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत आरोपीला अहो-जाहो केलेला तो एकच जबाब. कोर्टात तो तसाच वाचला गेला.