किसन गावातच राहतो

एकाच कादंबरीत दोनदा नापास होऊनही त्याच कादंबरीवर जीव टाकणारा माणूस नाशिक जिल्ह्यात तरी दुसरा झाला नसेल. आमच्या शेजारचे काका तसे होते. ओझरच्या विमान कारखान्यात ते विमानाच्या पंखांना रिव्हेट मारायचे, मी तिथेच कारकुनी करायचो, आणि दर रविवारी नोकरदारांसाठीच्या बी.ए.च्या वर्गात आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. मी पंचविशीचा, ते पन्नाशीला टेकलेले. पदवीची त्यांना इतकी खात्री, की प्रवेश घेतला त्याच आठवड्यात भद्रकालीच्या बाजारातून ॲल्युमिनियमचा पत्रा आणून त्यांनी स्वतः पाटी कोरली आणि गंगापूर रोडवरच्या घराच्या दाराला ठोकली. नाव, आणि पुढे ठसठशीत बी.ए. काकूंनी संध्याकाळी त्या बी.ए.वर काळी चिकटपट्टी लावली. "पास व्हा, मग काढा. तोवर लोकांना फसवायचं नाही." काकू शाळेत शिक्षिका, त्यामुळे वर अपील करायची सोय नव्हती.

बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीचा पेपर तेवढा अडला. त्याला एक कादंबरी होती. अमेरिकेतलं नदीकाठचं गाव, गावच्या शाळेत एकच काळा मुलगा. त्याच्याशी कोणी खेळत नाही, कोणी बोलत नाही. पूर येतो तेव्हा हाच पाण्यात उडी मारून गिरणीमालकाच्या मुलाला बाहेर काढतो. गाव टाळ्या वाजवतं, मेजवानी देतं, आणि त्याचं ताट मात्र मागच्या दाराच्या पायरीवर मांडतं. पोरगा न जेवता उठतो आणि गाव सोडून जातो. पाठीमागून कोणी हाकसुद्धा मारत नाही. एवढीच गोष्ट, पण काकांच्या डोक्यात ती घर करून बसली.

काकांना मनातल्या मनात वाचणं जमत नसे. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये ते पान उघडून मोठ्याने इंग्रजी वाचत आणि लगेच मराठीत अर्थ सांगत. आठवडाभरात अख्खी बस कादंबरीला लागली. मागच्या सीटवर झोपणारी मंडळी पुढे येऊन उभी राहू लागली. नायकाचं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून काकांनी त्याचं बारसं करून टाकलं, किसन. गिरणीमालकाला ते पाटील म्हणू लागले. "अहो काका, गिरणीच्या मालकाला पाटील कसं म्हणता?" मी विचारलं. "तू ऐक रे गुमान," ते म्हणाले. रविवारी वर्गात सरांनी पात्रांची नावं विचारली, तर काकांनी हात वर करून "किसन आणि पाटील" असं ठणकावून सांगितलं. वर्ग हसला, काका हसले नाहीत. पुढे पेपरातही त्यांनी पानोपानी इंग्रजीत किसन आणि पाटीलच लिहिलं. पेपर तपासणाऱ्या बिचाऱ्याला वाटलं असेल, हा गृहस्थ भलत्याच विषयाला बसलाय. पहिली गटांगळी ती.

दुसऱ्या वर्षी काकांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. बसचीही काही तक्रार नव्हती. गेल्या खेपेला परीक्षेच्या घाईत शेवटचं प्रकरण बसला सांगायचं राहिलं होतं, या खेपेला ते आलं. आडगाव नाका मागे पडला आणि किसन पायरीवरून उठून चालू लागला. एवढ्यात ड्रायव्हर बाळूभाऊंनी बस कडेला घेतली आणि इंजिनच बंद केलं. "काय राव काका! ज्यानं पोरगं वाचवलं त्यालाच भाईर बसवायचं? किसन माघारी आल्याबिगर मी नाय चालवत बस." काका म्हणाले, "अरे, छापलंय तसं!" "छापंना का! आपल्याला नाय पटत." पन्नास माणसं बसमध्ये, हजेरीचा भोंगा व्हायला वीस मिनिटं. सगळे काकांवर ओरडायला लागले. काकांनी पुस्तक मिटलं, घसा खाकरला आणि किसनला वेशीवरून माघारी आणलं. पाटील स्वतः धावत गेला, हात धरून त्याला आत घेतलं, पंगतीत पहिलं पान किसनचं, आणि वाढायला पाटीलच. बसमध्ये टाळ्या पडल्या, बाळूभाऊंनी डोळे पुसून किल्ली फिरवली.

आणि परीक्षेत शेवटाचं विवेचन करा, असा प्रश्न आला. काकांनी बसमधला शेवट लिहिला! पंगतीचं वर्णन तर इतकं बहारदार, की जिलेबीसुद्धा वाढली. नापास झाल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "खरा शेवट तुम्हाला तोंडपाठ आहे! मुद्दाम कशाला घाण केलीत?" काका ओट्यावर बसले होते. म्हणाले, "अरे, हात चालेना." मग पुढे बोलले, "देवळा तालुक्यात आमच्या गावी पाटलाचं वासरू विहिरीत पडलं होतं. मी बारा वर्षांचा. घेतली उडी, काढलं वर. आधी बोलणी खाल्ली, आमच्यातला पोरगा त्या विहिरीत उतरलाच कसा म्हणून. मग गूळ मिळाला, वरनं टाकलेला. वासराला गोठ्यात नेऊन अंग पुसलं, मी ओला अंगणाबाहेर. माझ्यासाठी कोण बस थांबवणार होतं?" दारातून काकू म्हणाल्या, "यंदा खरं लिहा. जे झालं ते लिहिलं नाही, तर लोकांना वाटेल झालंच नाही."

तिसऱ्या खेपेला काकांनी खरं लिहिलं. किसन नाही, पाटील नाही, पोरगा गेला तो गेला. फक्त शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य इंग्रजीत जोडलं: "असं झालं, पण व्हायला नको होतं." काठावर पास झाले. काकूंनी अख्ख्या गल्लीला बोलावून स्वतःच्या नखाने पट्टी काढली. उन्हापावसाने पाटीवरचं नाव मळकट झालं होतं, पट्टीखालचं बी.ए. मात्र नवंकोरं निघालं. "आता नाव घासा," काकू म्हणाल्या. "ती वर्षंही झालीच की," म्हणत काकांनी ते कधीच घासलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका बसमध्ये पेढे घेऊन आले. बाळूभाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि आरशातून विचारलं, "मंग काका, पेपरात काय लिवलं? किसन राहिला ना गावात?" अख्खी बस पुढे वाकली. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पेपरात अखेर खरं लिहून पास झालेला तो माणूस बाळूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहिला की! पहिलं पान त्याचंच."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकूंनी पाटी काढलेली नाही. त्या दारावरून जाताना बी.ए. तेवढं लांबून वाचता येतं, आणि मला काकांचं ते "राहिला की" आठवून भर रस्त्यात रडू येतं.