पांढऱ्या लोखंडाचा कारागीर

चुलीवर ओटची लापशी रटरटत होती, आमचे हे बूट शोधत होते आणि सासूबाई शेकोटीपाशी बसून ते बूट कुठे नाहीत हे सांगत होत्या. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

“टिंकर असेल,” सासूबाई म्हणाल्या. “कोंबड्या मोजून घे गं.”

दार अर्धं उघडंच होतं. आंद्रा टाउन्सलीने ते ऐकलं. “मोजा, आजी,” तो बाहेरूनच म्हणाला. “गेल्या वर्षी तुमची एक माझ्यामागे तंबूपर्यंत आली होती. मीच आणून सोडली.”

रास्पबेरीच्या तोडणीआधी आंद्राचं बिऱ्हाड नदीकाठच्या कुरणात उतरतं. तंबू घेऊन फिरणाऱ्या ह्या लोकांना सगळे टिंकर म्हणतात, आणि ते काही लाडाने नव्हे. पण आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या दुधाच्या बादल्या आंद्राच्या हातच्या आहेत. कथलाचा मुलामा दिलेला पांढरा लोखंडी पत्रा कातरायचा, जमिनीत रोवलेल्या छोट्या ऐरणीवर वळवायचा, सांध्याला राळ लावून वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा, की झालं. नवं भांडं मात्र तो कधी रिकामं देत नाही. आत मूठभर ओटचं पीठ तरी असतंच. रिकामं भांडं आलं की घरही रितं होतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

त्या दिवशी तो दाढी करून, गळ्याला कॉलर लावून आला होता. लग्नाला निघालास काय, असं सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही हो म्हटलं असतं, तर कधीच झालं असतं,” तो म्हणाला आणि आमची गळकी बादली घेऊन गोठ्याच्या पायरीवर बसला. पण नेहमीची घासाघीस नाही, दिलेला चहाही तसाच निवून गेला. मी शेजारी वाटाणे सोलत बसले, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्याची धाकटी लेक, एफी. अलिथ गावात छपरं शाकारणाऱ्या गीकीच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा चांगला, बाप मुकाट. अडून बसली होती ती आई. टिंकराची पोर घरात नको, म्हणून. आंद्राने त्या बाईंसाठी झाकणाचा डबा केला, सांधा बोटालासुद्धा लागू नये असा, आणि पीठ भरून एफीच्या हाती पाठवला. एफीला वाटलं, डब्याची आतली चकाकीही दिसायला हवी. तिने फाटकाशीच पीठ चिमण्यांना टाकलं, परकराने डबा आतून लख्ख पुसला आणि होणाऱ्या सासूच्या हातात ठेवला. मिसेस गीकींनी झाकण उघडून आत पाहिलं नि डबा परत केला. टिंकरांना रीतभात कुठली असायला, असंही वर ऐकवलं.

“जन्मात एक भांडं रिकामं दिलं नाही मी,” आंद्रा म्हणाला, “आणि गेलं ते नेमकं हेच.”

मला हसू आवरेना. तोही हसला, पण हातोडी थांबली होती. तिकडे तंबूत एफी उशीत तोंड खुपसून पडली होती. लग्न मोडल्यात जमा होतं.

सासूबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. “ती गीकीण इथे कालची,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आजोबांचं बाजारात दुकान होतं, तेव्हा त्यांना कोणाची टिंकर म्हणायची छाती नव्हती. पांढऱ्या लोखंडाचे कारागीर म्हणायचे. माझी आई टोपी सारखी करून त्या दुकानात शिरायची.”

“मग कारखान्याचे डबे आले,” आंद्रा म्हणाला. “डोक्यावरचं छप्पर गेलं आणि त्याच्याबरोबर नावही गेलं, आजी. काम तेवढं तेच राहिलं.”

बादलीचा डाग पुरा करून, पाणी भरून त्याने ती मला दाखवली. एक थेंब गळत नव्हता. मग गाठोड्यातून तो परत आलेला डबा काढून त्याने माझ्यासमोर पायरीवर ठेवला.

“बाई, शनिवारी मिसेस गीकी ताक न्यायला तुमच्याकडे येतात ना? ताक ह्या डब्यात द्या, काठोकाठ भरून. आणि डबा कोणी केला विचारलं, तर पांढऱ्या लोखंडाच्या कारागिराने केला, म्हणून सांगा. एवढंच करा.”